मधला भाग फारच छान

चष्मेवाल्याला एक खोड होती. गिऱ्हाईक नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशाकडे वळायच्या आत हा म्हणून मोकळा, "वा! शोभून दिसतेय." बऱ्याचदा हे म्हणताना त्याचं तोंड खणात असायचं, छोटा पेचकस शोधत. यात लबाडी नव्हती. चांगलं बोलायची जिभेला सवय लागली होती, इतकंच, आणि लोकांनाही तेच ऐकायचं असायचं. काचेच्या बाबतीत मात्र हाच माणूस केसाएवढा फरक खपवून घ्यायचा नाही. काच घासायची, बसवायची, मनासारखी नाही झाली की काढून पुन्हा घासायची, यात तो गिऱ्हाइकाच्या नाकी नऊ आणायचा. "आता बरं दिसतंय, की मघाशी?" हा प्रश्न तो दिवसभरात इतक्यांदा विचारायचा की बायको म्हणायची, झोपेतसुद्धा हेच बडबडतात.

दुकान अरुंद होतं. एका बाजूला कुलपं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला लाँड्री, मधे हा. मागे एक खोली होती. तिथे काच घासायचं यंत्र, एक बेसिन, एक उंच स्टूल, आणि कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेलं अ‍ॅकॉर्डियन. ते वाजवताना त्याला गिऱ्हाइकांपैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. वाजवायचं तर ताईबरोबर, असं त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलं होतं, आणि ताई तर कधीची समुद्रापलीकडे राहायला गेली होती.

ताई त्याची मोठी बहीण, एकुलती एक. वडील कारखान्यात रात्रपाळीला जायचे, म्हणून दिवसा घरात आवाज करायची सोय नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. मग या दोघांनी जायचं कुठे? इमारतीच्या जिन्यावर. ताई वरच्या पायरीवर व्हायोलिन घेऊन बसायची, आणि हा दोन पायऱ्या खाली, मांडीवर मामाचं जुनं अ‍ॅकॉर्डियन. त्या धुडामागून पोराचं फक्त कपाळ दिसायचं. टाच आपटून ठेका धरायची त्याची सवय पाहून ताईने त्याचं नाव ठेवलं ठोक्या. ताईने स्वतः एक धून बांधली होती. तिला दोघं 'जिन्यावरची' म्हणायचे, कारण दुसरं नाव सुचलं नाही. सुरुवात करायच्या आधी ताई नाकाने जोरात श्वास घ्यायची, आणि तो श्वास ऐकला की ठोक्याचा भाता उघडायचा. एक-दोन-तीन कधी म्हणावं लागलं नाही. तळमजल्यावरची बाई झाडू घेऊन वर यायची ती भांडायला, आणि पुष्कळदा अख्खी धून ऐकून मगच भांडायची.

मग ताईचं लग्न झालं आणि ती गेली. काही वर्षांनी एकदा यायची, तीही घाईत. येताना व्हायोलिन आणायची नाही. "पुढच्या वेळी आणते हं, वाजवू." हाही म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." अशा कितीतरी पुढच्या वेळा येऊन गेल्या. दोघांचे केस पांढरे झाले, आणि वाजवणं काही झालं नाही.

एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ठोक्या, माझी डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागलीत रे. आधी करंगळी, आता शेजारचंही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सगळा पंजाच जाणार. वर्षभर निघेल कदाचित."

त्याने डॉक्टर चांगला आहे ना असलं काहीतरी विचारलं.

"ते राहू दे. बोटं आहेत तोवर 'जिन्यावरची' वाजवू या का? आधीसारखी, दोघांनी मिळून? तू ये म्हणत नाही मी, दुकान टाकून कसा येशील? पण हल्ली म्हणे लोक इंटरनेटवरून एकत्र वाजवतात."

"वाजवू या ना. का नाही?" तो म्हणाला.

खरं तर त्याच दिवशी त्याने बॅग भरायला हवी होती. बायको म्हणालीसुद्धा, "जाऊनच या ना." पण प्रवास लांबचा, दुकानात दुसरं माणूस नाही, आणि शिवाय हे यंत्रातून जमण्यासारखं असेल तर जायचं कशाला, असा विचार त्याने केला. यंत्रावर त्याचा फार विश्वास. अंधुक दिसणाऱ्या माणसाला काच बदलून लख्ख दिसायला लागतं हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. हेही तसंच असणार, योग्य नंबर सापडला की झालं, असं त्याला वाटलं.

पहिल्या रविवारी त्यांनी साध्या व्हिडिओ कॉलवर वाजवायला घेतलं आणि नुसता सावळा गोंधळ झाला. त्या ॲपला माणसाचं बोलणं तेवढं कळायचं. व्हायोलिन म्हणजे मागचा गोंगाट असं समजून ते तिचा आवाज गिळूनच टाकायचं. मधेच एखादा सूर यायचा, तोही त्याची ओळ संपून गेल्यावर. ताई तिकडे म्हणत होती, "अरे, किती मागे पडतोयस!" आणि हा इकडे ओरडत होता, "मी नाही, तू मागे पडतेयस!" भांडण झालं. चांगलं पंधरा मिनिटं झालं. मग दोघं हसायला लागले, आणि त्या दिवशी तेवढंच झालं.

झालं, चष्मेवाल्याच्या डोक्यात भुंगा शिरला. तो वाद्यांच्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने त्याला शांतपणे समजावलं. आवाज इथून तिथे पोचायला जो उशीर होतो त्याला लेटन्सी म्हणतात. तो उशीर एका जागी होत नाही, वाटेत ठिकठिकाणी थोडा थोडा होतो. कॉम्प्युटरच्या आत आवाज आधी एका वाटीत साठतो, वाटी भरली की पुढे ओतला जातो. त्या वाटीला म्हणायचं बफर. वाटी लहान केली की आवाज लवकर निघतो, पण फारच लहान केली तर कॉम्प्युटरला ओतायला फुरसत मिळत नाही आणि आवाज तडतडायला लागतो. तेव्हा एक ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे ही डबी, हिच्यात माइक लावा. बिनतारी हेडफोन फेकून द्या, तारेचे वापरा. वायफाय नको, राउटरपासून सरळ केबल ओढा. आणि व्हिडिओ बंद, चित्र लाइनवर फार जागा खातं.

"एवढं केलं की उशीर जाईल?" चष्मेवाल्याने विचारलं.

"कमी होईल. अजिबात जाणार नाही. तारेतून एवढ्या लांब जायलाच जो वेळ लागतो त्याला कोण काय करणार? तो घालवायचा तर बहिणीला जवळच्या गल्लीत आणा." दुकानदार हसून म्हणाला. चष्मेवालाही हसला, आणि दोन डब्या घेऊन आला. एक त्याने ताईला पाठवली.

पुढचे कितीतरी रविवार वाजवण्यात गेले नाहीत, जोडण्यात गेले. ताईकडे हे सगळं करायचं काम भावोजींवर आलं. भावोजी म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त बसचालक, स्वभावाने गरीब आणि देहाने भरदार. ते टेबलाखाली शिरायचे आणि तिथूनच बोलायचे, "ही पिवळी कुठे खुपसू?" इकडून चष्मेवाला सांगायचा, "भावोजी, ती नाही, निळी." मग ताई एक सूर वाजवायची आणि हा विचारायचा, "आता बरं वाटतंय, की मघाशी?" वाटी लहान करायची, तडतड झाली की जराशी मोठी करायची, पुन्हा लहान करायची. ताई बिचारी तोच एक सूर वाजवत बसायची. कधी म्हणायची, "अरे, आता जे आहे त्यावर वाजवू या ना." तर हा म्हणणार, "थांब गं, थोडंच राहिलंय." बायकोने एकदा मागच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वाजवणार केव्हा तुम्ही?" तो वैतागलाच. नीट झाल्याशिवाय कसं वाजवायचं, असं त्याचं म्हणणं.

तोवर ताईची ती दोन्ही बोटं पुरती गेली होती. तिने ते सहज सांगितलं, दुधाचा भाव वाढला म्हणून सांगावं तसं. आता तिने बोटं टेकवायची पद्धतच बदलली होती, उरलेल्या दोन बोटांत भागवत होती. चष्मेवाल्याच्या जिवाची घालमेल व्हायला लागली. उशीर बराच कमी झाला होता, खोटं कशाला बोला, पण थोडासा उरला होता तो जातच नव्हता. आणि तो थोडासाच घात करत होता. धून सुरू व्हायची झोकात. मग त्याला ताईचा सूर किंचित उशिरा ऐकू यायचा, म्हणून तो तिच्यासाठी थांबायचा. तिला त्याचा उशिरा ऐकू यायचा, म्हणून ती याच्यासाठी थांबायची. दोघंही एकमेकांना सांभाळून घेणारे, त्यामुळे लय ढेपाळत जायची आणि अर्ध्या वाटेवर धून मान टाकायची. दोन भांडकुदळ माणसं असती तर कदाचित जमलं असतं.

मग एका रविवारी त्याला युक्ती सापडली. स्क्रीनवर आवाज कमी-जास्त करायच्या दोन पट्ट्या होत्या. एक स्वतःच्या आवाजाची, एक पलीकडच्याच्या. ताईचा उशिरा येणारा सूर त्याला मागे ओढत होता, म्हणून त्याने तिची पट्टी अर्ध्यावर आणली. धून पाऊण भागापर्यंत टिकली. त्याने पट्टी आणखी खाली सरकवली. पुढच्या खेपेला त्याने ती तळालाच नेली. आता कानात फक्त स्वतःचं अ‍ॅकॉर्डियन होतं, आणि टाचेचा ठेका. कुणासाठी थांबायचं कारणच उरलं नाही. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एका लयीत वाजवलं, आणि शेवटचा सूर संपल्यावर पट्टी वर केली.

पलीकडून ताई अक्षरशः किंचाळत होती. "जमलं रे! ठोक्या, जमलं! अगदी जिन्यावर बसल्यासारखं! काय केलंस तू?"

जमणारच. हा न थांबता जात होता, तिला तो जसा ऐकू येत होता तशी ती त्याच्या सुराला सूर जोडत होती. तिच्या खोलीत दोन्ही वाद्यं एकत्र वाजत होती. त्याच्या खोलीत एकच वाजत होतं.

सांगावं असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण ताईचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. तो म्हणाला, "लेटन्सी घालवली शेवटी." ती म्हणाली, "तू ना, बाबांसारखा आहेस, हट्टाला पेटलास की ऐकत नाहीस." आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बोटं तिची जाणार आहेत, तेव्हा आनंदही तिलाच मिळायला हवा, आपण ऐकलं काय नि न ऐकलं काय, असं त्याने मनाला समजावलं. हे पुरतं खोटं नव्हतं. पण एक गोष्ट त्याने स्वतःशीही कबूल केली नाही. न अडखळता वाजवायला त्यालाही फार बरं वाटत होतं.

त्यानंतर दर रविवारी ते वाजवू लागले. तो मागच्या खोलीत स्टुलावर बसायचा, यंत्रावर कापड टाकायचा, ताईशी चार शब्द बोलायचा आणि मग पट्टी खाली. धून दोनदा-तीनदा वाजवून झाली की पट्टी वर. "आज छान वाजवलंस, ताई." एकदा तिने विचारलं, "मधलं कसं वाटलं तुला? मधे जे केलं ते?"

"मधला भाग तर फारच छान," तो म्हणाला.

ताईने विचारलं, "खरंच?"

"अगं खरंच. फारच छान."

रेकॉर्ड करून ठेवावं असं त्याला एकदा वाटलं होतं. तिच्या बाजूला केलं तर दोन्ही वाद्यं त्यात आली असती, आणि मग त्याला निवांत ऐकता आलं असतं. त्याने विचारलंही. ताई म्हणाली, "नको रे. बोटं अडखळतात, ते काय जपून ठेवायचं? वाजवलं, संपलं." त्याने फार आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

काही महिने असे गेले. ताई अधूनमधून म्हणायची, "आज बोटांनी फार त्रास दिला." हा म्हणायचा, "मला तर काहीच जाणवलं नाही." हळूहळू तिने तेही म्हणणं सोडलं. धून संपली की ती म्हणायची, "तू फार गोड वाजवतोस हल्ली," आणि तो म्हणायचा, "तूही काय कमी आहेस?" आणि दोघं हसायचे.

मग एक दिवस दुपारी दुकानात भावोजींचा फोन आला. त्यांना बँकेच्या कसल्याशा कामाबद्दल विचारायचं होतं. ते झाल्यावर म्हणाले, "आणि हो, ती डबी परत पाठवू का? दुकानात परत घेतील का?"

"का? बिघडली?"

"नाही, माइकचं आता काम नाही ना. व्हायोलिन तर हिने शाळेला देऊन टाकलं. ऐकायला नुसता हेडफोन पुरतो."

समोर एक बाई फ्रेम लावून आरशात बघत उभ्या होत्या. चष्मेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण 'शोभून दिसतेय' म्हणायचं राहूनच गेलं. "कधी दिलं?" त्याने विचारलं.

"झाला की महिना. बोटं तर त्याच्याही आधीच गेली होती. आता रविवारी ती नुसती बसते हेडफोन लावून. डोळे मिटून बसते. मी चहा ठेवतो, तो गार होतो. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," चष्मेवाला म्हणाला.

गेल्याच रविवारी तो तिला म्हणाला होता, मधला भाग फारच छान.

दुकान त्याने त्या दिवशी लवकर बंद केलं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, पट्टीपासून. ती त्याला फटकारेल असं त्याला वाटलं होतं, आणि फटकारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त माळ्यावरची बॅग काढून पलंगावर ठेवली. या खेपेला दुकान कोण बघणार हा प्रश्न त्याला पडला नाही. दारावर कागद चिकटवला आणि अ‍ॅकॉर्डियन पाठीवर मारून तो निघाला.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरात खिडकीला लागून टेबल, आणि टेबलाच्या पायाला भावोजींनी चिकटपट्टीने बांधलेली केबल अजून तशीच होती. ताई बारीक झाली होती. डावा हात तिने मांडीवर ठेवला होता, कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. ती त्याला बघून आधी हसली, मग त्याच्या पाठीवरचं ओझं बघून म्हणाली, "अरे वेड्या, हे कशाला एवढ्या लांबून?"

भावोजी दूध आणायला म्हणून बाहेर पडले. ते मुद्दामच गेले हे दोघांनाही कळलं.

"ताई, तुला कळलं होतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"मी ऐकत नव्हतो ते."

तिने चमच्याने टेबलावर बारीक आवाज केला. "हो."

"कधीपासून?"

"तार तुटली त्या दिवसापासून. तुला आठवणार नाही, तुला ठाऊकच नाही ना ते. धुनेच्या मधोमध माझी तार तुटली, गालाला लागली. मी ओरडले, थांब, थांब, तार तुटली. तू आपला वाजवतोच आहेस. मी म्हटलं, लाइन गेली असेल. तर तू शेवटपर्यंत वाजवलंस आणि म्हणालास, मधला भाग फारच छान." ती हसायला लागली. "अरे, काय हसले मी त्या दिवशी! यांना सांगितलं तर हेही हसले. गालाला पट्टी लावून हसत बसले होते."

चष्मेवाल्याला हसू आलं नाही. ताईचंही हसू हळूहळू ओसरलं.

"नंतर नाही हसले मी," ती म्हणाली. "कारण त्याच्या आधीचं आठवलं. मी तुझ्यासाठी एक ओळ बांधली होती रे. दोन बोटांत बसेल अशी. 'जिन्यावरची'च्या मधे मी धून सोडून द्यायची आणि ती दुसरी ओळ वाजवायची. मग मी थांबायची. तू पुढचं ओळखशील असं मला वाटायचं, लहानपणी ओळखायचास तसं, आणि तू उत्तर देशील. म्हणून मी सांगितलं नव्हतं. तू कधी उत्तरच दिलं नाहीस. मी थांबायची आणि तू सरळ पुढे. मला वाटायचं, ह्याला आवडलेलं दिसत नाही. मग मी ती बदलायची, दुसरी करायची. दर रविवारी वेगळी. मग विचारायची, मधलं कसं वाटलं."

त्याला तिच्याकडे बघवेना. तो टेबलाखालच्या केबलकडे बघत म्हणाला, "तुझा सूर उशिरा यायचा, ताई. तो ऐकला की माझी लय मोडायची."

"मोडू द्यायची होती," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आपल्याला कुठे कुणाला ऐकवायचं होतं? मोडली असती, आपण भांडलो असतो, पुन्हा सुरू केलं असतं. पहिल्या दिवशी कसे भांडलो होतो!"

"मग सांगितलं का नाहीस, तार तुटली तेव्हा?"

"काय सांगायचं? तू इतका खूश होतास. लेटन्सी घालवली, लेटन्सी घालवली. आणि तेव्हा बोटं तशीही संपतच आली होती. म्हटलं, ह्याला वाटतंय ना आपण वाजवतोय, वाटू दे. मला तुझं ऐकायला मिळत होतं. फार स्वच्छ यायचं, अगदी शेजारी बसल्यासारखं."

तो खुर्चीवरच बसून रडला. साठी उलटलेला माणूस, पण बहिणीसमोर कसली लाज. तिने उजव्या हाताने त्याची पाठ थोपटली आणि म्हणाली, "पुरे आता, हे येतील." मग स्वतःच पदराने डोळे पुसले.

जरा वेळाने त्याने विचारलं, "कशी होती ती ओळ?"

"कुठली?"

"तुला सगळ्यात आवडलेली. जी तू मला वाजवून दाखवत होतीस."

"आता कुठली आठवायला? बोटांत होती ती. डोक्यात नव्हतीच कधी."

"गुणगुणून बघ ना."

ताईचा गळा म्हणजे आनंदच होता. जन्मात कधी तिला गाता आलं नाही, लहानपणी घरात तिने गायला तोंड उघडलं की आई हसायची. तरी तिने डोळे मिटले, नाकाने श्वास घेतला आणि गुणगुणायला लागली. सूर सरकत होता. एक वळण घेतलं, मग मान हलवली, मागे येऊन दुसरं घेतलं. "असं काहीतरी. नाही, असं नव्हतं. इथे खाली जायची. की वर?" तिचा उजवा हात हवेत गज धरल्यासारखा चालत होता. डावा मांडीवरच होता. मधे एकदा तिने त्या हाताकडे असं पाहिलं, जसं विसरलेलं आठवेना की माणूस शेजारच्याकडे पाहतो.

चष्मेवाल्याने अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घेतलं. तिने गुणगुणलेलं त्याने एका हाताने वाजवून पाहिलं. "असं?"

"जवळपास. पण नाही."

त्याने बदललं. "असं?"

"अं... नाही रे. हे तू तुझ्या मनाचं घालतोयस."

तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला, तिने पुन्हा गुणगुणलं, त्याने पुन्हा वाजवलं. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. भावोजी दूध घेऊन आले, दोघांना तसं बसलेलं पाहून दारातच उभे राहिले, मग चप्पल न काढता परत जिन्यावर जाऊन बसले. चष्मेवाला प्रत्येक सुराशी घासाघीस करत होता. आज पहिल्यांदाच तो तिचं सगळं ऐकत होता, तिचं चुकणं, थांबणं, नाकातला श्वास, आणि ऐकायची ती गोष्ट मात्र खोलीत नव्हती. ताई थकली होती. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि हा तरी पुन्हा विचारतच होता, पुन्हा नव्याने सुरू करतच होता.

शेवटी त्याने आणखी एकदा सुरुवात केली. तो ओळीच्या निम्म्यातही पोचला नव्हता, तोच ताई म्हणाली, "हो, हो. हेच. अगदी हेच होतं."

ती हसत होती. पुढची निम्मी ओळ कशी आहे हे तिने अजून ऐकलंही नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ती ओळ शेवटपर्यंत वाजवली.